चुलीमागची भिंत, चुलीपुढची जमीन

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अहिल्यानगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या मार्गावर वसलेले मिरजगाव हे कर्जत तालुक्यातील बाजाराचे मोठे गाव असून, भोवतालचा मुलूख पर्जन्यछायेतला, ज्वारी-तुरीचा आणि बाभळीचा आहे. या भागात गॅसची शेगडी स्वयंपाकघरात आली, तरी चूल घराबाहेर गेली नाही. भाकरी, मटण आणि डाळ यांसाठी पडवीत किंवा परसात मातीची चूल असते, अंघोळीच्या पाण्यासाठी बंब असतो, आणि दोन्हींच्या पोटात तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीच्या व वेड्या बाभळीच्या फांद्या आणि गोवऱ्या जात असतात. चूल टिकली, पण तिच्याभोवतीचे घर मात्र गेल्या दोन पिढ्यांत पार बदलले. दगड-मातीच्या जाड भिंतींच्या जागी पत्र्याचे शेड, लाकडी डांबांवर ताणलेली ताडपत्री, प्लायवूडचा आडोसा किंवा तुराट्यांचा पातळ कूड आला, आणि जुन्या घराने न बोलता पार पाडलेली कामगिरी, म्हणजे जाळाला चुलीपाशीच थोपवून धरण्याची, कोणाकडेच उरली नाही. नव्या घरात ही कामगिरी समजून-उमजून, मापे घेऊन उभारावी लागते.

जुने घर या बाबतीत किती भक्कम होते, हे धाब्याच्या घराकडे पाहिले की कळते. अशा घराच्या भिंती पायापासून दीड-दोन फूट जाडीच्या, खाली काळा दगड व वर पांढऱ्या मातीच्या असत; ही पांढरी माती गावातील जुन्या वस्तीच्या टेकाडातून किंवा पडक्या गढीतून आणली जाई. छपराला लाकडी तुळया आणि आडव्या काटक्या असल्या, तरी त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेला असे, आणि धूर जाण्यासाठी त्याच थरात सवणे, म्हणजे छपरातील भोक, ठेवलेले असे. चुलीच्या मागे व बाजूला मातीचाच बुटका ओटा, ज्याला भानवस म्हणतात, तो असल्यामुळे जाळ आणि भिंत यांत हातभर अंतर आपोआप राही. या सर्व रचनेत चुलीजवळ पेटण्याजोगे असे जवळजवळ काहीच नसे. लाकूड होते ते डोक्यावर, आणि त्याच्यापर्यंत ज्वाला पोहोचण्याआधी बरीच थंड झालेली असे. ही समजूत फार जुनी आहे. घोड नदीच्या काठी, पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या, घरांचे अवशेष सापडले. बुटक्या मातीच्या भिंतींवर कूड उभारलेल्या त्या घरांत चुली आणि अग्निकुंडेही मिळाली. कूड आणि जाळ यांना एकाच छपराखाली नांदवण्याचा प्रश्न या पठारावरील माणसाने तेव्हापासून हाताळलेला आहे.

चुलीतून उष्णता बाहेर पडते ती वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन वाटांनी, आणि सुरक्षित चूल बांधणे म्हणजे या तिन्ही वाटांचा स्वतंत्रपणे बंदोबस्त करणे होय. वहन म्हणजे एका वस्तूला लागून असलेल्या दुसऱ्या वस्तूत उष्णतेचे सरकणे. चुलीचा खूर भिंतीला चिकटवून लिंपला तर भिंत तापते ती या वाटेने. अभिसरण म्हणजे तापलेल्या हवेचे किंवा धुराचे वर चढणे. छपराला धोका असतो तो यापासून. प्रारण ही तिसरी वाट बहुतेकांच्या हिशेबात नसते, आणि भिंतीच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची ठरते. निखारा किंवा तापलेले लोखंड मधल्या हवेला फारशी न तापवता सरळ रेषेत समोरच्या वस्तूवर उष्णता फेकत असते. ही उष्णता तापलेल्या वस्तूच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, एखादा पृष्ठभाग ३०० अंश सेल्सिअसवरून ६०० अंशांवर गेला की त्यातून बाहेर पडणारे प्रारण दुप्पट नव्हे, पाचपटींहूनही अधिक होते. तुराट्यांचा भडका उडतो तेव्हा चुलीजवळ बसलेल्या बाईच्या चेहऱ्याला एकदम झळ लागते ती याच कारणाने. समोरच्या कुडाला लागणारी झळही तशीच असते, फक्त कूड मागे सरकू शकत नाही.

लाकूड पेटण्यासाठी साधारण २५० ते ३०० अंश तापमान लागते, तेव्हा हाताला नुसती गरम लागणारी भिंत कशी पेटेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जे लाकूड किंवा ज्या तुराट्या महिनोन्‌महिने शंभर अंशांच्या वर तापत राहतात, त्यांच्यातील ओल आणि वायू निघून जाऊन ती आतल्या आत करपत जातात, आणि असे करपलेले लाकूड कोऱ्या लाकडापेक्षा कमी तापमानाला धुमसू लागण्याचा धोका असतो. म्हणून पाच वर्षे काही झाले नाही, हा चुलीमागच्या लाकडी डांबाच्या बाबतीत भरवशाचा पुरावा मानता येत नाही. वरच्या गिलाव्यामुळे आतले करपणे दिसत नाही, हे कुडाचे आणखी एक वैगुण्य आहे. गिलाव्याला भेग पडली की आतल्या कोरड्या काड्यांपर्यंत ठिणगीला वाट मिळते.

यावर पहिला उपाय म्हणजे अंतर. लाकडाच्या शेगड्यांचा वापर घर तापवण्यासाठी सर्रास होतो अशा देशांत याविषयी तपशीलवार नियम आहेत, आणि अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचे २११ क्रमांकाचे मानक त्यांपैकी सर्वांत परिचित आहे. त्यानुसार ज्या लोखंडी शेगडीची प्रयोगशाळेत चाचणी झालेली नाही, ती पेटणाऱ्या भिंतीपासून ३६ इंच, म्हणजे ३ फूट, दूर असावी. मिरजगावच्या दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत चारही बाजूंनी तीन फूट सोडायचे म्हटले, तर चूल खोलीच्या मधोमध येईल आणि माणसांना बसायला जागा राहणार नाही. मग अंतर कमी करायचे असेल, तर मध्ये आडभिंत घालावी लागते. आणि ती आडभिंत कशी असावी, या प्रश्नाच्या उत्तरात या विषयाचे मर्म आहे.

सर्वसाधारण समज असा की भिंत जितकी जाड तितका बचाव अधिक, आणि म्हणून कुडाला किंवा प्लायवूडला चिकटून विटांचा एक थर रचला की काम झाले. उपरोक्त मानक वेगळे सांगते. पेटणाऱ्या भिंतीला लागूनच साडेतीन इंच जाडीचे विटांचे बांधकाम केले, तर ३६ इंचांचे अंतर २४ इंचांपर्यंतच कमी करता येते. परंतु तेच बांधकाम भिंतीपासून एक इंच सोडून केले आणि त्या फटीतून हवा खेळती ठेवली, तर अंतर १२ इंचांवर आणता येते. त्याहूनही लक्षणीय गोष्ट अशी की विटांच्या जागी नुसता २४ गेजचा, म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा पत्रा, एक इंच हवेची फट ठेवून उभा केला, तरीही तेच १२ इंच पुरतात. म्हणजे फट सोडून लावलेला पातळ पत्रा हा चिकटवून रचलेल्या विटांपेक्षा सरस ठरतो.

याचे कारण उष्णतेच्या वाटांत आहे. वीट उष्णता थोपवून धरते खरी, पण कायमची नव्हे. तास-दोन तास जाळ चालला की तिच्यात साठलेली उष्णता वहनाने मागच्या काड्यांत उतरते, आणि चूल विझल्यावरही उतरत राहते. पत्रा समोरून येणारे प्रारण स्वतःवर घेतो, त्यातील बराच भाग पुढच्या बाजूला परत फेकतो, आणि मागच्या बाजूला जी उष्णता जाते ती फटीतील हवा उचलते. ही हवा तापली की वर चढते, वरच्या मोकळ्या कडेतून बाहेर पडते आणि खालून थंड हवा आत येते. चूल जितकी जोरात पेटेल तितका हा प्रवाहही जोर धरतो, त्यामुळे त्याला पंखा लागत नाही की देखभाल. अट एवढीच की आडभिंतीच्या खाली आणि वर, दोन्हीकडे, किमान एक-दोन इंचांची वाट मोकळी असावी. खालची कड जमिनीत रोवून लिंपून टाकली, किंवा वरची कड छपराला भिडवली, तर फटीतील हवा कोंडते आणि कोंडलेली गरम हवा हळूहळू मागच्या कुडाला भाजू लागते.

प्रत्यक्ष बांधणीत यासाठी महागडे सामान लागत नाही. छपराच्या कामातून उरलेला लोखंडी पत्रा चालतो. तो कुडापासून दूर ठेवण्यासाठी लाकडी ठोकळे वापरू नयेत. लोखंडी नळीचे इंच-दीड इंच लांबीचे तुकडे किंवा पक्क्या भाजलेल्या विटांच्या फोडी मध्ये देऊन लांब खिळ्यांनी किंवा बोल्टांनी पत्रा बसवावा, आणि हे बोल्ट चुलीच्या नेमके मागे न येता कडेला यावेत, कारण बोल्ट हीच उष्णतेची मागे जाण्याची वाट होते. पत्रा चुलीपेक्षा दोन्ही बाजूंनी दीड-दोन फूट रुंद आणि मांडलेल्या भांड्याच्या वर निदान दीड-दोन फूट उंच असावा, म्हणजे तिरकी झळही त्यावरच पडेल. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मागच्या आडभिंतीला योग्य असला, तरी ज्वाला थेट चाटून जाईल अशा जागी तो वापरू नये, कारण जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याहून अधिक तापल्यास त्याचा धूर अपायकारक असतो. जुना सिमेंटचा पत्रा, म्हणजे ॲस्बेस्टॉसचा, मात्र येथे पूर्णपणे वर्ज्य मानावा. त्याचा तुकडा तोडताना किंवा त्याला भोक पाडताना उडणारे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात, आणि एकदम तापला तर तो तडकून उडतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वरील मापे बंद दाराच्या लोखंडी शेगडीसाठी ठरवलेली आहेत, आणि मिरजगावची चूल उघड्या तोंडाची असते. हे तोंड बंद करता येत नाही, कारण ज्वारीची भाकरी तव्यावर अर्धी भाजून झाली की ती चुलीच्या तोंडाशी, ओढून घेतलेल्या निखाऱ्यांसमोर उभी करून फुगवली जाते. दार लावलेल्या चुलीत हे काम होत नाही, आणि जी चूल भाकरी फुगवू देत नाही ती या भागातील बायका चार दिवसांत अडगळीत टाकतात. म्हणून परदेशी मापे किमान समजून त्यांत भर घालणेच शहाणपणाचे आहे. मागच्या बाजूला १२ इंच पुरत असतील, तर तोंडाच्या बाजूला पेटणारी कोणतीही वस्तू चार फुटांच्या आत नसावी.

भाकरी शेकण्याच्या याच रीतीमुळे चुलीपुढची जमीन हा सुरक्षित चुलीचा तितकाच महत्त्वाचा भाग ठरतो. निखारे रोज बाहेर ओढले जातात, लांब लाकूड जळत जळत तोंडाबाहेर येते, आणि गाठीच्या बाभळीच्या ढलप्या तडतडून ठिणग्या उडवतात. मानकानुसार शेगडीच्या दारापुढे किमान १८ इंच न पेटणारा पृष्ठभाग लागतो; उघड्या चुलीसाठी तो अडीच-तीन फूट धरावा. मातीच्या जमिनीला स्वतःला धोका नसला, तरी तिच्यावर पसरलेला काडीकचरा, पाचट, गोणपाट आणि उद्याचे जळण यांना असतो. यासाठी चार इंच मुरूम पसरून, पाणी मारून, धुमसाने ठोकून घ्यावा, त्यावर पक्क्या विटा पालथ्या बसवाव्यात आणि वरून शेणामातीने सारवण करावे. कडेला अर्ध्या विटेची बुटकी कड ठेवली की घरंगळलेला निखारा तिथेच थांबतो आणि रांगणाऱ्या मुलालाही थोडा अटकाव होतो. घरात शहाबादी किंवा सिरॅमिक फरशी असेल, तर चूल थेट तिच्यावर मांडू नये, कारण एकाच जागी तापल्याने फरशी तडकते. आधी दोन इंच वाळू आणि तिच्यावर विटांचा थर द्यावा. सिमेंटचा उंच ओटा करून त्यावर चूल मांडण्याची पद्धत कमरेला व पाठीला सुखाची आहे आणि साडीचा पदर जाळापासून दूर ठेवणारीही आहे. मात्र तापलेले सिमेंट आपल्यातील पाणी गमावून भुसभुशीत होत असल्यामुळे तेथेही मधला वाळू-विटांचा थर चुकवू नये. ओढ्यातले गोल गोटे चुलीत किंवा चुलीखाली वापरू नयेत. त्यांच्या आत मुरलेले पाणी तापून वाफ झाले की गोटा फुटून तुकडे उडतात.

बंबाच्या बाबतीत विचार थोडा वेगळा करावा लागतो. तांब्याच्या किंवा पत्र्याच्या बंबात मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी असल्यामुळे, पाणी आहे तोवर त्याची बाहेरची बाजू उकळबिंदूच्या वर जाऊ शकत नाही, आणि म्हणून बाजूच्या भिंतीला तो चुलीपेक्षा पुष्कळ सौम्य असतो. धोका खाली आणि वर असतो. खालच्या जाळीतून निखारे सतत गळतात, म्हणून बंब लाकडी फळीवर किंवा प्लॅस्टिकच्या चौरंगाजवळ ठेवणे घातक आहे. त्याला विटांचा चौथरा हवा. नळीच्या तोंडातून भडका उंच येतो, म्हणून न्हाणीच्या ताडपत्रीखाली किंवा कपड्यांच्या दोरीखाली बंब नसावा. पाणी संपलेल्या बंबात जाळ चालू राहिला तर झाळलेले सांधे सुटतात. आणि बंद न्हाणीत बंब पेटवणे तर जीवावरचे आहे, कारण अर्धवट जळणाऱ्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो; बंबाची जागा उघड्यावरच.

आडभिंत घर वाचवते, पण धूर घालवत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील चुलींच्या व तत्सम साधनांच्या धुराने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख लोकांचे प्राण गेले. भारतात या प्रश्नाचा विचार फार पूर्वी सुरू झाला होता. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कामातून १९४० च्या दशकात ‘मगन चूल’ पुढे आली, १९५० च्या दशकात हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघराचा पुरस्कार केला, आणि १९८० च्या दशकात केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००२ मध्ये तो आवरता घेतला जाईपर्यंत देशभर काही कोटी चुली बसवल्या गेल्या, पण त्यांतील कितीतरी चुली वर्ष-दोन वर्षांत वापरातून गेल्या. उद्दिष्टाचा आकडा गाठण्याच्या घाईत चुलीचे आतले माप चुकले, धुराड्याची साफसफाई कोणी शिकवली नाही, आणि ज्या बाईने ती वापरायची तिला विचारलेच गेले नाही, ही त्याची कारणे होती. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘आरती’ या पुण्याच्या संस्थेने साच्यातून घडवलेल्या ‘लक्ष्मी’ चुलीचा मार्ग धरला, ज्यात माप कारागिराच्या अंदाजावर न राहता साच्यावर ठरते. याच संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्रासाठी २००२ चा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

धुराडे बसवले की छपरातील भोक ही नवी जोखमीची जागा तयार होते. एकेरी पत्र्याचे नळकांडे लाकडी वाशापासून १८ इंच दूर असावे, असे मानक सांगते. छपरातून जाताना ते शक्य नसते, म्हणून नळकांड्याभोवती बऱ्याच मोठ्या व्यासाची दुसरी नळी घालून मधली जागा हवेसाठी मोकळी ठेवतात. त्या जागेत चिंध्या किंवा भुसा कोंबणे हे पावसाचे पाणी थांबवण्यासाठी हमखास केले जाते आणि तेच आगीचे कारण होते. पाण्यासाठी वर पत्र्याची टोपी द्यावी. धुराड्याचे तोंड छपरापासून तीन फूट वर आणि दहा फुटांच्या आत असलेल्या कोणत्याही उंच भागापेक्षा दोन फूट वर असावे, म्हणजे वाऱ्याने धूर उलटा फिरत नाही. कडब्याची गंजी मात्र वाऱ्याच्या वाटेवर कितीही फुटांवर असली तरी चुलीच्या हिशेबात धरलीच पाहिजे. ओले जळण जाळल्याने धुराड्यात डांबरासारखा थर साचतो आणि तो एखाद्या दिवशी आतच पेटतो, यासाठी महिन्यातून एकदा धुराडे काढून झटकणे आवश्यक आहे. पावसाळ्यात ओले सरपण भानवशीवर रचून सुकवण्याची सवय गरजेतून आलेली असली, तरी ज्या ओट्याने अंतर राखायचे त्याच ओट्यावर जळण रचणे म्हणजे तो ओटा नसल्यासारखेच आहे.

सर्वांत कठीण स्थिती ऊसतोडणी मजुरांच्या कोपीची आहे. कर्जत, जामखेड, पाथर्डी आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या हद्दीत जाणारी कुटुंबे पाच-सहा महिने बांबू, तट्टे, पाचट आणि ताडपत्रीच्या खोपटांत राहतात, आणि त्या खोपटाचा कण न्‌ कण पेटणारा असतो. तेथे हवेची फट ठेवून आडभिंत उभारण्याइतकी जागा किंवा सवड नसते; परंतु चूल कोपीच्या आत न मांडता वाऱ्याच्या खालच्या अंगाला दहा-बारा फुटांवर खड्डा खणून मांडणे, निघालेल्या मातीचा तिन्ही बाजूंनी गुडघाभर बांध घालणे आणि पाण्याचा हंडा भरलेला ठेवणे एवढे करता येते. मुकादमाने आणि कारखान्याने प्रत्येक टोळीला चार पत्रे आणि शंभर विटा दिल्या, तर ते उपकार ठरणार नाहीत. मजूर ज्या चुलीवर पहाटे भाकरी थापून फडात जातो, ती चूल हाही हंगामाचाच भाग आहे.

नवी चूल घालताना नुसती काळी माती घेऊ नये, कारण ती वाळताना फार आकसते आणि चुलीला भेगा पडतात. पांढरी किंवा मुरमाड माती निम्म्याहून अधिक घेऊन तिच्यात शेण, भुसा आणि चाळलेली राख मिसळून तुडवावी आणि चिखल दोन-तीन दिवस मुरू द्यावा. चूल सावलीत आठ-पंधरा दिवस वाळली की पहिले दोन दिवस तिच्यात थोडक्या काटक्यांचाच जाळ करावा. मग नेहमीचा पूर्ण स्वयंपाक, म्हणजे घरातील सगळ्यांच्या भाकरी होईपर्यंतचा जाळ, झाल्यावर लगेच पत्र्यामागच्या कुडावर किंवा लाकडी डांबावर तळहात टेकवून पाहावा. हात सुखाने टेकून राहिला तर रचना बरोबर आहे. राहिला नाही, तर आधी पत्र्याच्या खालची-वरची वाट राखेने, काजळीने किंवा टेकवून ठेवलेल्या तुराट्यांनी बुजली आहे का ते तपासावे, आणि ती मोकळी असूनही कूड तापत असेल तर चूल मोडून वीतभर पुढे घालावी.